सामानाच्या यादीपलीकडचे : वसतिगृहांच्या चालकांस खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील बोर्डिंग, वसतिगृहे आणि निवासी शाळा यांचे विश्वस्त, अधीक्षक, गृहपती व गृहमाता यांस,



वसतिगृहात नव्याने राहायला येणाऱ्या मुलाला प्रवेशाच्या वेळी साधारणपणे दोन कागद मिळतात. एकावर सामानाची यादी असते : पत्र्याची पेटी, कुलूप, सतरंजी, दोन चादरी, ताट-वाटी-तांब्या, बादली, गणवेशाचे जोड, रेनकोट. दुसऱ्यावर नियम असतात : उठायची वेळ, प्रार्थनेची वेळ, भेटीचा रविवार, मोबाइलला बंदी आणि नियम मोडल्यास होणारी कारवाई. दोन्ही कागद लागतातच. मात्र दोन्ही संस्थेच्या गरजेतून निघालेले आहेत. घरच्या आठवणीने रडू आले तर काय करायचे, ओला टॉवेल कुठे वाळवायचा, मोठ्या मुलाने स्वतःचे कपडे धुवायला दिले तर कोणाला सांगायचे, रात्री दोन वाजता पोट दुखायला लागले तर कोणते दार वाजवायचे, यांतले काहीही दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्या कागदांवर सापडत नाही. हे सगळे ते शेजारच्या कॉटवरच्या मुलाकडून शिकते. शेजारचा मुलगा चांगला निघाला तर नीट शिकते, नाहीतर सोसत राहते. नव्या मुलाचे पहिले वर्ष असे नशिबावर सोडलेले असणे, ही या पत्रातली मुख्य तक्रार आहे.

ही उणीव कोल्हापुरात जास्त खटकते. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, तेव्हा ते सर्व जातींना खुले होते. तरीही थोड्याच काळात तिथे जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. दार खुले ठेवल्याने खेड्यातले मूल आत येऊन टिकतेच असे नाही, हे त्या अनुभवातून कळले. पुढे १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत वसतिगृह, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आणि १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग उभे राहिले. दरबाराने जागा आणि पैसा दिला आणि मुलांना सांभाळण्याची जबाबदारी त्या त्या समाजातल्या कर्त्या माणसांवर टाकली. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होऊ शकते. पण त्यांच्या मुळाशी असलेला विचार पक्का होता : परक्या शहरात आलेल्या मुलाला आपले म्हणणारे कोणीतरी माणूस लागते. दसरा चौकाच्या आसपास त्या काळातली काही बोर्डिंग आजही उभी आहेत.

महाराजांनी स्वतःही घरापासून दूर राहून शिक्षण घेतले होते. दत्तक विधानानंतर वर्षभरातच, १८८५ मध्ये, त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवण्यात आले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम अकरा होते. आई लहानपणीच गेली होती आणि वडील आबासाहेब घाटगे हेही ते राजकोटला असतानाच, १८८६ मध्ये, वारले. मात्र धाकटे बंधू बापूसाहेब आणि नात्यातली, ओळखीची काही मुले त्यांच्याबरोबर होती. राजघराण्यातल्या मुलालाही एकटे पाठवले गेले नाही. आज चंदगड, शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या वाडीवस्तीवरून येणारे मूल मात्र बहुतेक वेळा एकटेच येते.

नव्या मुलाला द्यायचा सल्ला घर सोडण्याच्या आधीपासून सुरू व्हायला हवा. प्रवेश निश्चित होतो एप्रिल-मेमध्ये आणि शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर. मधले सहा-सात आठवडे नवी पेटी आणि गणवेश घेण्यात जातात. याच दिवसांत मुलाने आई-वडिलांशिवाय काही रात्री मामाकडे किंवा आत्याकडे काढाव्यात. स्वतःचे अंथरूण घालणे आणि आवरणे, दोन कपडे धुऊन पिळणे, केस विंचरणे, बटण शिवणे, ताट धुणे ही कामे हाताखालून गेलेली असावीत. ज्या मुलाला ही कामे येतात त्याला पहिल्या आठवड्यात कोणापुढे हात पसरावा लागत नाही आणि मोठ्या मुलांच्या उपकाराखाली राहावे लागत नाही. मुलींना घरात ही कामे बहुधा आधीच शिकवलेली असतात. अडते ते मुलग्यांचे, आणि त्याला कारण घरचे लाडच असतात. प्रवेश देताना संस्थेने हे पालकांना स्पष्ट सांगावे. प्रत्येक कपड्यावर न जाणाऱ्या शाईने किंवा दोऱ्याने नाव घालावे. पेटीच्या कुलपाच्या दोन किल्ल्या असतील तर एक गळ्यात आणि दुसरी गृहपतींकडे राहावी. मौल्यवान वस्तू आणू नयेत. खाऊ आणला तर तो पहिल्याच संध्याकाळी खोलीत वाटून खावा. साठवून ठेवलेल्या खाऊला मुंग्या लागतात आणि त्यावरून भांडणेही होतात.

आता घरच्या आठवणीबद्दल. या विषयावर वसतिगृहे सर्वांत कमी बोलतात, आणि नव्या मुलाला सर्वांत जास्त छळते ते हेच. आठवण दिवसभर सारखी येत नाही. शाळा, खेळ, रांगा यांत दिवस निघून जातो. दिवेलागणीला, जेवणानंतर, दिवे मालवल्यावर आणि रविवारी दुपारी ती दाटून येते. पोट दुखते, डोके दुखते, जेवण नको वाटते. ही सोंगे नसतात. मनाचा ताण लहान मुलाच्या शरीरातून असाच बोलतो. बहुतेक मुलांना पहिले काही दिवस फार जड जातात, मग काही आठवड्यांत ओढ हळूहळू कमी होते. सुट्टीहून परत आल्यावर ती पुन्हा उसळते आणि पुन्हा ओसरते. मुलाला हे आधीच सांगितलेले असले, तर रडू आल्यावर आपल्यातच काहीतरी कमी आहे असे त्याला वाटत नाही. “मर्दासारखं राहायचं, रडायचं नाही” असे सांगणारे गृहपती मुलाचे रडणे थांबवत नाहीत, ते फक्त चादरीच्या आत ढकलतात.

या काळात काय करावे, हेही नेमके सांगता येते. संध्याकाळच्या वेळी हात आणि पाय गुंतलेले असावेत : मैदानावर खेळावे, बागेला पाणी घालावे, भजनाला किंवा वाचनाला बसावे. घरी पत्र किंवा वहीत रोजचे चार ओळींचे टिपण लिहावे आणि त्यात दिवसातली एक चांगली गोष्ट नक्की असावी. पहिल्या आठवड्यात निदान दोन मुलांची नावे, गावे आणि आवडीनिवडी विचारून घ्याव्यात. एखादा मित्र मिळाला की अर्धी लढाई संपते. पण दोन-तीन आठवड्यांनंतरही जेवण तुटलेले असेल, झोप येत नसेल, मूल कोणाशीच बोलत नसेल, तर ती नुसती आठवण राहिलेली नाही. तिथे गृहपतींनी पालकांना बोलवावे आणि गरज वाटल्यास डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवावे.

पालकांच्या बाजूनेही एक मोठी चूक होते. निरोपाच्या वेळी रडणाऱ्या मुलाला आई सांगते, “नाही आवडलं तर लगेच घेऊन जाऊ.” हे मायेपोटी बोललेले असते, पण त्यानंतर मूल रुजायचा प्रयत्नच करत नाही. ते दिवस मोजत राहते, आणि शब्द पाळला नाही की आई-वडिलांवरचा विश्वासही जातो. त्याऐवजी पुढच्या भेटीचा नेमका दिवस सांगावा आणि तो पाळावा. “गणपतीला येशील, तोवर दर रविवारी फोन” एवढे ठरलेले असले तरी मुलाला धीर राहतो. फोन आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी असावा आणि तो संध्याकाळचा नसावा. संध्याकाळचा फोन रात्रभर रडवतो. सकाळी नाश्त्यानंतर झालेले बोलणे दिवसाच्या धावपळीत जिरते. ज्या वसतिगृहात शंभर मुलांना मिळून एकच फोन आहे आणि समोर रांग उभी असताना दोन मिनिटांत बोलायचे असते, तिथे मूल खरे काही बोलूच शकत नाही. शिवाय गृहपती शेजारी बसून ऐकत असतील तर तक्रार कधी घरी पोहोचतच नाही. फोन मुलाला एकट्याने करता यावा, ही विनंती साधी आहे आणि तिला पैसाही लागत नाही.

नव्या मुलाच्या पहिल्या तीन महिन्यांवर कोल्हापूरच्या पावसाचा मोठा हात असतो. सामानाच्या याद्या तयार करताना तो बहुधा लक्षातच घेतला जात नाही. जुलैमध्ये राधानगरी, गगनबावडा, आजरा या भागांत तर ऊन दिसतच नाही, आणि शहरातही आठवडाभर कपडे वाळत नाहीत. ओले अंतर्वस्त्र आणि दमट मोजे घालून फिरणाऱ्या मुलांना जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात नायटा, गजकर्ण होते. म्हणून मुलाला सांगावे : दिवसा भिजलास तरी रात्री झोपताना कोरडे कपडे घाल. अंतर्वस्त्रांचे जोड गणवेशापेक्षा जास्त आणावेत. जाड सुती टॉवेलऐवजी पातळ पंचा आणावा, तो एका रात्रीत वाळतो. मोजे नसले तरी चालतील, पण ओले मोजे घालू नयेत. आणि संस्थेने दोऱ्या बांधायला एक छप्पर असलेली, वारा खेळती जागा द्यावी. खोलीतल्या खिडकीच्या गजांवर पन्नास मुलांचे कपडे लोंबत असतील तर त्या खोलीत खोकलाही वाळत नाही.

खरजेबद्दल स्पष्ट बोलायलाच हवे, कारण वसतिगृहात ती लाजेखाली लपवली जाते आणि त्यामुळेच पसरते. खरूज डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यामुळे होते आणि ती अंगाला अंग लागून, एकाच अंथरुणात झोपून किंवा एकमेकांचे कपडे-टॉवेल वापरून पसरते. ज्याला ती पहिल्यांदाच होते त्याला लागण झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी खाज सुरू होते. जूनमध्ये लागलेली खरूज म्हणूनच जुलैअखेर उघडी पडते, आणि तोवर ती खोलीभर झालेली असते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला बारीक पुळ्या येतात आणि रात्री खाज वाढते. असे दिसले की त्याच दिवशी सांगावे. औषध एकट्या मुलाने लावून भागत नाही. खोलीतल्या सर्वांनी एकाच रात्री ते मानेपासून पायापर्यंत लावायचे असते आणि दुसऱ्या दिवशी कपडे व चादरी गरम पाण्यात धुवायच्या असतात. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस बाजूला ठेवले तरी किडा मरतो, कारण माणसाच्या अंगाबाहेर तो दोन-तीन दिवसांहून जास्त जगत नाही. खरूज झालेल्या मुलाला व्हरांड्यात वेगळे झोपवून त्याच्याकडे बोट दाखवणारी वसतिगृहे आजार तसाच ठेवतात आणि मुलाला कायमचे लाजवतात. ही प्रथा बंद व्हावी.

जेवण आणि पाणी यांवर थोडक्यात. मेसची भाजी घरच्यासारखी लागणार नाही, हे खरे. तरी पहिल्या दिवसापासून सकाळचा नाश्ता सोडू नये आणि मेसच्या जेवणावर राग काढून कोपऱ्यावरच्या वड्यावर दिवस काढू नये. पूर्वी गावाकडून एस. टी.ने डबा येई आणि कंडक्टरच्या हातून तो बोर्डिंगच्या मुलापर्यंत पोहोचे. आज ती सोय फार थोड्यांना आहे, म्हणून मेसची जबाबदारी वाढली आहे. मुलाला भूक उरते का, हे विचारण्याची पद्धत असावी. वाढीच्या वयातल्या मुलाला दुसरी भाकरी मागायला लाज वाटू नये. पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेलेच प्यावे, हे मुलालाही सांगावे आणि संस्थेनेही पाळावे. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती, आणि दूषित पाण्याचा धोका या खोऱ्यात आजही टळलेला नाही. मेसमध्ये जेवणाआधी साबण असावा. एवढी साधी गोष्टही अनेक ठिकाणी नसते.

दोन गोष्टी अशा आहेत ज्या कोणत्याच माहितीपत्रकात छापल्या जात नाहीत, आणि त्यांमुळे मुले सर्वांत जास्त एकटी पडतात. पहिली म्हणजे अंथरूण ओले होणे. दहा वर्षांच्या शंभर मुलांतल्या सुमारे पाच मुलांना ही अडचण असते, आणि नव्या जागेच्या ताणाने ती काही काळ परतही येते. हा आळस नाही, खोडी नाही. त्यावर उपचार आहेत. पालकांनी ते प्रवेशाच्या वेळीच गृहपतींना खासगीत सांगावे. मुलाने झोपण्याआधी लघवीला जावे आणि रात्री उठावेसे वाटले तर शौचालयापर्यंत दिवा असावा. अनेक वसतिगृहांत शौचालय इमारतीच्या मागे, अंधारात असते. तिथे जायच्या भीतीने मूल रात्रभर तसेच पडून राहते. सकाळी ओली चादर सर्वांसमोर वाळत घालायला लावणे ही शिक्षा काही ठिकाणी अजून दिली जाते. ती थांबलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट मुलींची. सहावी-सातवीत वसतिगृहात आलेल्या अनेक मुलींना पहिली पाळी घरापासून दूर असतानाच येते. पाळीची माहिती मुलीला आधी आईने द्यावी आणि आल्या आल्या गृहमातेनेही द्यावी. पॅड कुठे मिळतील, किती वेळाने बदलायचे, वापरलेले कुठे टाकायचे, पोटात कळा आल्या तर काय करायचे, आणि त्या दिवसांत आंघोळ, खेळ, मेस यांतले काहीही बंद नसते, हे तिला कोणीतरी शांतपणे सांगितलेले असावे. कोल्हापुरात ताराराणी विद्यापीठ १९४५ पासून मुलींच्या शिक्षणासाठी काम करत आहे, म्हणजे हा प्रश्न या शहराला नवा नाही. तरीही मुलींच्या वसतिगृहांना मिळणारे छापील नियम मुलग्यांच्याच नियमांवर फक्त नाव बदलून केलेले असतात, आणि त्यांत पॅडसाठी झाकणाच्या डब्याचा उल्लेखही नसतो.

मोठ्या मुलांविषयी नव्या मुलाला काय सांगावे? आधी हे सांगावे की बहुतेक मोठी मुले चांगली असतात, आणि नव्याला पहिला आधार त्यांचाच मिळतो. कुस्तीच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत नवा पोर आला की उठायची वेळ, व्यायाम, खुराक आणि विश्रांती वस्ताद आणि जुने मल्ल त्याला समजावून सांगतात. तिथे जुन्याचे वजन नव्याला घडवण्यासाठी वापरले जाते. वसतिगृहातही तसेच व्हावे. पण मोठेपणाच्या नावाखाली कपडे धुवायला लावणे, पैसे किंवा खाऊ काढून घेणे, रात्री उठवून नाचवणे, अंगाला हात लावणे, मारणे हे सोसायचे नसते. “आम्हीही सोसलं, तुम्हीही सोसा” हे वाक्य वसतिगृहात परंपरा म्हणून चालते. कायद्याच्या नजरेत मात्र तो गुन्हा आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे. तो महाविद्यालयांपुरता नाही, त्यात वसतिगृहेही येतात. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखाला बंधनकारक आहे, आणि त्याने टाळाटाळ केली तर त्यालाही गुन्ह्याला साथ दिल्याबद्दल जबाबदार धरता येते. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी घातली आहे. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांपासून दडवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मग दडवणारा विश्वस्त असो की गृहपती. मुलाला कायद्याची कलमे पाठ असायची गरज नाही. त्याला तीन गोष्टी पाठ असाव्यात : नको त्या स्पर्शाला मोठ्याने नाही म्हणायचे, तिथून निघून जायचे, आणि विश्वासाच्या माणसाला लगेच सांगायचे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक फोनच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा. ज्या वसतिगृहाला तो लिहायला संकोच वाटतो, त्याच्या कारभाराची पालकांनी चौकशी करावी.

जात आणि बोली यांवरून होणारी चेष्टा ही याच छळाची मवाळ दिसणारी बाजू आहे. चंदगडी बोलणारे, सीमाभागातून कानडी मिसळून बोलणारे, धनगरवाड्यावरून आलेले मूल पहिल्याच आठवड्यात “असं काय बोलतोस” म्हणून चेष्टेचा विषय होते आणि मग बोलायचेच बंद करते. नव्या मुलाला सांगावे की शाळेची भाषा शिकायची आणि घरची भाषाही सोडायची नाही. जुन्या मुलांना सांगावे की बोलीवरून हसणे येथे चालत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या मुलाने पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहायला आणि जेवायला लावणारे वसतिगृह सुरू केले. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. नवी मुले कोणत्या माणसांच्या हातात सोपवावीत, याचे हे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. आज गृहपतीची नेमणूक करताना शिक्षण आणि नाते पाहिले जाते. मूल रडते तेव्हा तो माणूस काय करतो, हे कोणी विचारत नाही.

अभ्यासाबद्दल नव्या मुलाला फार सांगायची गरज नसते, कारण तेच त्याला सगळे सांगत असतात. गावच्या शाळेत पहिले येणारे मूल नवोदय किंवा सैनिकी शाळेत आले की पहिल्या चाचणीत मागे पडते, कारण इथे सगळेच आपापल्या गावचे पहिले असतात. पहिल्या सहामाहीचे गुण पाहून पालकांनी घाबरू नये आणि मुलानेही. न समजलेले त्याच दिवशी विचारावे, झोप मोडून वाचू नये, आणि रोज तासभर मैदानावर घालवावा.

पुराचा सल्ला मात्र कोल्हापूरला खास द्यावा लागतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका गाठते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद पडला होता आणि शहराचा पाणीपुरवठा कोलमडला होता. अशा वेळी भेटीला निघालेले पालक वाटेत अडकतात आणि मुलाला वाटते, आपल्याला विसरले. जुलै-ऑगस्टमधल्या भेटीची तारीख देताना “रस्ता सुरू असेल तर” हे शब्द मुलाला ऐकवलेले असावेत. पूर आला तर वसतिगृहात किती दिवसांचे धान्य, पाणी आणि औषधे आहेत, मुले कोणत्या मजल्यावर हलवली जातील, निरोप कोणत्या क्रमांकावर मिळेल, हे पालकांना जूनमध्येच लिहून दिलेले असावे.

या सर्वांतून चालकांना करायच्या विनंत्या थोड्याच उरतात. सामान आणि नियम यांच्याबरोबर तिसरा कागद द्यावा. तो साध्या मराठीत, मुलाला उद्देशून लिहिलेला असावा आणि पहिल्या संध्याकाळी गृहपतींनी सर्वांसमोर बसून मोठ्याने वाचावा. प्रत्येक नव्या मुलामागे एक जुना, निवडलेला विद्यार्थी नेमावा आणि त्या विद्यार्थ्याला हे काम कसे करायचे ते आधी शिकवावे. पहिल्या महिन्यात गृहपतींनी प्रत्येक नव्या मुलाशी एकदा तरी एकट्याने, दार उघडे ठेवून, दहा मिनिटे बोलावे. तक्रारपेटीची किल्ली वसतिगृहाबाहेरच्या, विश्वस्त मंडळाने नेमलेल्या व्यक्तीकडे असावी, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातून ती पेटी उघडली जात असेल तर तिचा उपयोग नाही. आणि वसतिगृह सोडून घरी परत गेलेल्या प्रत्येक मुलाचे कारण लिहून ठेवावे. आज ते “पालकांच्या विनंतीवरून” एवढ्या शब्दांत मिटवले जाते, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच कॉटवर दुसरे मूल येते.

यांतल्या एकाही गोष्टीला शासनाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. येत्या जूनपासून आपापल्या वसतिगृहात हा तिसरा कागद द्यायला सुरुवात करावी, एवढी आग्रहाची विनंती आहे.



आपला नम्र,
वसतिगृहांच्या परंपरेविषयी आस्था असलेला एक कोल्हापूरकर